पुण्याच्या कुंभाराची शस्त्रविद्या



१७९४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' ह्या मासिकात एका मराठी माणसाचे चित्र छापून आले. विलायतेत चित्र छापले जावे असा तो कोणी सरदार नव्हता की मुत्सद्दी नव्हता. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा तो एक साधा शेतकरी. इंग्रजी लिपीतून त्याचे नाव कावसजी असे उतरले आहे. ते पारशी वळणाचे दिसते. परंतु त्याच लेखात तो मराठा शेतकरी असल्याचे म्हटले आहे. तेव्हा घरी त्याला कावजी म्हणत असावेत, असा आपला माझा तर्क. नावांचे असे हाल मास्तरकीच्या नोकरीत हजेरीपटावर मी पुष्कळ पाहिले आहेत.

म्हैसूरच्या लढाईत, १७९२ साली, हा मनुष्य टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे तो मुंबईच्या फौजेत येऊन मिळाला व कंपनीने त्याला पेन्शन दिले. सुमारे वर्षभर तो तसाच बिननाकाचा वावरला.

वावरला म्हणणे सोपे आहे. ज्या भाषेत अब्रू गेली हे सांगावयास 'नाक कापले गेले' एवढेच पुरते, त्या भाषेच्या मुलखात त्याने ते बारा महिने कसे काढले असतील! हात तुटलेल्या माणसाची लोक कीव करतात. नाक गेलेल्याकडे संशयाने पाहतात. कारण नाक कापणे ही शिक्षा होती आणि ती कोणाला व कशासाठी होते हे सर्वांना ठाऊक होते. लढाईत नाक गमावलेल्या माणसाने भेटेल त्याला आपली हकीकत किती वेळा सांगावी?

ह्या कावसजीला पुण्याजवळ एका मनुष्याने नवे नाक करून दिले. हा मनुष्य विटा करणाऱ्या जातीचा होता, असे लेखात आहे. आपण त्याला कुंभार म्हणू. मुंबई इलाख्याच्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले ह्या दोन डॉक्टरांनी ही क्रिया स्वतः पाहिली. सवाई माधवरावांच्या काळी पुण्यास असलेला चित्रकार जेम्स वेल्स ह्याने दहा महिन्यांनी, म्हणजे जानेवारी १७९४ मध्ये, रोग्याचे चित्र काढले. डॉक्टरांची नावे राहिली, चित्रकाराचे राहिले, रोग्याचेही मोडकेतोडके राहिले. ज्याने नाक केले त्याची मात्र जात तेवढी लिहिली गेली.

त्याने केले ते असे. मेणाचा पातळ पत्रा घेऊन त्याने तो नाकाच्या खुंटावर बसविला आणि त्याला चांगल्या नाकाचा आकार दिला. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला व त्याच्या कडेने रेघ ओढली. त्या रेघेवरून कपाळाचे कातडे सोडविले. परंतु दोन भुवयांच्या मधली एक अरुंद पट्टी कापली नाही. तेथे ते कातडे जिवंत शरीराला जोडलेलेच ठेवले. नाकाच्या जुन्या व्रणाची कड तासून ताजी केली, तिच्या मागे खाच पाडली, आणि कपाळाचे कातडे खाली आणून, अर्धा पीळ देऊन, त्याची कड त्या खाचेत बसविली. टाके घातले नाहीत. काथ पाण्यात कालवून तो कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि अशा पाचसहा पट्ट्या एकीवर एक चिकटवल्या. चार दिवस त्यांना हात लावला नाही. पुढे तुपात भिजविलेली फडकी ठेवली. रोग्याला पाचसहा दिवस उताणे निजविले. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली ती पट्टी कापून टाकली. नवे नाक आपल्या जागेवर जगले.

ह्या सर्व खटपटीत खरी बुद्धी आहे ती त्या न कापलेल्या पट्टीत. कातड्याचे पान तोडले की ते वाळते. देठासकट वळविले की जगते, कारण देठातून रक्त येत राहते. कोकणातल्या श्रोत्यांना हे समजावून सांगण्याचे कारण नाही. आंब्याचे भेटकलम बांधताना आपण दुसऱ्या झाडाची फांदी तोडून आणीत नाही. रोप फांदीजवळ नेतो, दोघांच्या साली तासून बांधतो, आणि जोड एकजीव झाल्यावरच फांदी मूळ झाडापासून सोडवितो. कुंभाराने कपाळ आणि नाक ह्यांचे भेटकलम केले, एवढेच.

येथे कोणी म्हणेल की हे तर सुश्रुतात आहे. आहे खरे. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात झाडाचे पान नाकाच्या मापाचे घेऊन तेवढे कातडे गालावरून आणावे, नाकाशी जोडावे आणि श्वासासाठी दोन नळ्या ठेवाव्यात, असे सांगितले आहे. ह्याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण ग्रंथात गाल आहे आणि कुंभाराने कपाळ घेतले. ही सुधारणा कोणा हात चालविणाऱ्यानेच केलेली असणार. सुश्रुताचे नाव आम्ही सभासभांतून घेतो आणि पुण्याच्या त्या कारागिराचे साधे नाव टिपून ठेवावे असे त्या काळी एकाही शास्त्रीबोवांस वाटले नाही, हे मला राहून राहून खटकते.

युरोपात ही विद्या अगदीच नव्हती असे नव्हे. बोलोन्याच्या तालियाकोत्सीने १५९७ साली दंडाच्या कातड्याने नाक करण्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. त्या रीतीत रोग्याचा हात कित्येक दिवस तोंडाशी बांधून ठेवावा लागे. पुढे ती विस्मृतीत गेली. त्यामुळे पुण्याची हकीकत लंडनला नवलाची वाटली. जोसेफ कार्प्यू ह्या शस्त्रवैद्याने ती वाचली, प्रेतांवर हात बसविला, आणि वीस वर्षे योग्य रोग्याची वाट पाहून २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक कपाळाच्या कातड्याने केले. पाऱ्याच्या औषधाने त्याचे नाक झडले होते. १८१६ साली कार्प्यूने आपल्या दोन रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली आणि १८१८ साली बर्लिनच्या ग्रेफेने ह्या विषयावर ग्रंथ लिहिला. आजही कपाळाच्या कातड्याने नाक करण्याच्या पद्धतीला जगभर 'भारतीय पद्धत' म्हणतात.

'प्लॅस्टिक सर्जरी' ह्या शब्दाचा बादल्या-बरण्यांच्या प्लॅस्टिकशी काही संबंध नाही, हेही सांगून टाकतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मातीला आकार देणे, घडविणे असा आहे.

ह्या पद्धतीत एक उणीव होती. बाहेरून नाक छान दिसे, पण आतून त्याला अस्तर नसे. आतली उघडी बाजू भरून येताना आक्रसे आणि काही महिन्यांत नाक चिमटून जाई. इंदूरच्या रेसिडेन्सीत कीगन नावाचे शस्त्रवैद्य होते. त्यांच्याकडे येणाऱ्या रोग्यांत नवऱ्याने संशयावरून नाक कापलेल्या बायकाच फार असत. खुंटाजवळचेच कातडे आत उलटवून अस्तर करण्याची युक्ती त्यांनी वापरली आणि १९०० साली ती पुस्तकरूपाने मांडली. त्या बायका नवे नाक घेऊन कोणाच्या घरी परत गेल्या असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढची मोठी मजल पहिल्या महायुद्धात मारली गेली. खंदकातून डोके वर काढले की तोंडावर गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा बसे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले हॅरल्ड गिलीज ह्यांनी १९१७ पासून इंग्लंडातील सिडकप येथील रुग्णालयात अशा पाच हजारांहून अधिक सैनिकांवर उपचार केले. त्याच साली, जटलंडच्या आरमारी लढाईत भाजलेल्या एका नाविकावर शस्त्रक्रिया करताना, सोडविलेल्या कातड्याच्या पट्टीच्या कडा आपोआप आत वळत आहेत असे त्यांना दिसले. त्यांनी त्या कडा शिवून टाकल्या. पट्टीची नळी झाली. आतला भाग झाकला गेल्याने तो नासण्याचे भय कमी झाले, आणि देठ लांब करता येऊ लागला. ओडेसाच्या फिलातोव्ह ह्यांनीही स्वतंत्रपणे हीच युक्ती काढली होती. कुंभाराच्या देठाची ही नळी झाली म्हणावयाचे.

गिलीजच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया पुढे पुण्यास आले आणि कोंढव्याच्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात काम करू लागले. कुष्ठरोगात पुष्कळदा नाकाचे बाहेरचे कातडे शाबूत असते. आतले अस्तर व कूर्चा नष्ट होऊन नाक खाली बसते. अशा वेळी कपाळ कापावयाचे कारण नाही. आतून नवे कातडे अस्तरासारखे लावले की चिमटलेले नाक पुन्हा वर येते. ही कल्पना गिलीजची. अंतियांनी ती कुष्ठरोग्यांसाठी राबविली. औषधाने रोग बरा होतो, पण बसलेले नाक आणि वाकडी बोटे पाहून गाव त्याला बरा झालेला मानीत नाही. डॉक्टरांचा दाखला खिशात असतो आणि रोग तोंडावर लिहिलेला असतो. कावसजीची आणि ह्यांची गोष्ट येथे एकच होते. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातही अंतियांनी ह्या शाखेचा विभाग चालविला. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात तर डॉ. सी. बालकृष्णन ह्यांनी १९५८ सालीच असा स्वतंत्र विभाग उभा केला होता. फाटलेल्या ओठ-टाळूच्या प्रकारांची त्यांनी केलेली मांडणी 'नागपूर वर्गीकरण' म्हणून ओळखली जाते.

आता एक साधा प्रश्न. स्वतःच्या कपाळावर व्रण कशाला करावयाचा? दुसऱ्याचे कातडे का लावू नये? ह्याचा उलगडा १९४३ साली ग्लासगो येथे पीटर मेडावर आणि टॉमस गिब्सन ह्यांनी केला. भाजलेल्या एका स्त्रीला तिच्या भावाचे कातडे लावले. ते काही दिवसांनी गळाले. दुसऱ्यांदा लावले ते अधिकच लवकर गळाले. म्हणजे शरीर परक्याला ओळखते, आणि ओळख लक्षात ठेवते. मेडावरना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. बॉस्टनचे जोसेफ मरे मूळचे प्लॅस्टिक सर्जन; परक्या कातड्याच्या ह्याच कोड्यातून ते मूत्रपिंडाकडे वळले आणि १९५४ साली जुळ्या भावांमध्ये त्यांनी मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी केले. २००५ साली फ्रान्समधील आम्यां येथे कुत्र्याने चावलेल्या एका बाईला मृत व्यक्तीचे नाक, ओठ व हनुवटी बसविण्यात आली. अशा रोग्याला शरीराचा विरोध दाबणारी औषधे घ्यावी लागतात. १९७० नंतर सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या शिवता येऊ लागल्या, आणि देठ कापून तो शरीरात दुसरीकडे जोडणे शक्य झाले. देठ तोडता येऊ लागला. देठावाचून मात्र अजूनही चालत नाही.

सिडकपची एक गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली. तेथे रुग्णालयातून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची काही बाके निळी रंगविलेली होती. त्यांवर ते जखमी सैनिक बसत. निळे बाक दिसले की येणाऱ्याजाणाऱ्याने मनाची तयारी करावी, अशी ती सोय होती.

हे प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. कारण असे एक बाक माझ्याही वर्गात होते. १९८८ साली माझ्याकडे चौथीत एक मुलगा आला. चुलीजवळ रॉकेलची चिमणी अंगावर पडून तो लहानपणी भाजला होता. गळ्याचे कातडे आक्रसून हनुवटी छातीकडे ओढली गेली होती, खालचा ओठ उलटला होता, आणि तोंड मिटत नसल्याने लाळ गळे. पुढची मुले बिचकत म्हणून मी त्याला शेवटच्या बाकावर एकटा बसविला. त्याला कोणी चिडवू नये म्हणून, असे मी हेडमास्तरांना सांगितले, आणि मलाही ते खरेच वाटत होते. फळा पाहावयाचा तर त्याला सबंध धड मागे रेलावे लागे, हे माझ्या ध्यानातही आले नाही. त्याची आई एके दिवशी येऊन म्हणाली, "गुरुजी, त्याला दिसत नाही हो मागून." तिने तक्रार केली ती एवढीच.

पुढे एका शिबिरात आलेल्या डॉक्टरांनी त्याला शहरातील रुग्णालयात नेले. गळ्याचा आक्रसलेला पट्टा सोडवून मांडीचे पातळ कातडे तेथे लावले. अशा पातळ कातड्याला देठ लागत नाही, खालच्या ओल्या मांसातूनच ते जगते. पण ते पुन्हा आक्रसण्याचा स्वभाव सोडीत नाही. म्हणून गळ्याला कित्येक महिने पट्टा बांधून मान वर ठेवावी लागते. डॉक्टरांनी मला चिठ्ठी पाठविली होती: शाळेत मुलगा पट्टा काढणार नाही एवढे पाहावे. शिमग्यानंतरच्या उन्हात त्या पट्ट्याखाली त्याला विलक्षण खाज सुटे. मी त्याला माझ्या टेबलाशेजारच्या पहिल्या बाकावर बसविले, आणि पट्ट्याकडे हात गेला की पट्टी टेबलावर आपटीत असे. तो हात खाली घेई. जूनमध्ये शाळा पुन्हा भरली तेव्हा तो पाचवीच्या वर्गात गेला होता. नव्या मास्तरांनी त्याला कोठे बसवावे हे मी त्यांना सांगावयास गेलो, तर तो आधीच खिडकीपाशी दोन मुलांच्या मध्ये बसलेला होता, आणि पट्टा त्याने दप्तरात कोंबून ठेवला होता. मी त्याला तो पुन्हा बांधावयास लावला.