स्वमग्न कलावंत आणि आपली रसिकता



साहित्य मंडळाच्या व्यासपीठावर कविता, नाटक, संतवाङ्मय आणि आपला सीमाभाग हे विषय नेहमी येतात. आज मी जो विषय घेतला आहे तो सहसा डॉक्टरांच्या किंवा विशेष शिक्षकांच्या सभेत ऐकू येतो. ऑटिझम असलेली, म्हणजे स्वमग्न, माणसे चित्रे काढतात, गातात, लिहितात. त्यांच्या निर्मितीकडे आपण, म्हणजे स्वतःला रसिक म्हणवून घेणारी माणसे, कसे पाहतो आणि कसे पाहायला हवे, एवढाच माझा प्रश्न आहे. उपचारांविषयी मी बोलणार नाही. तो माझा अधिकारही नव्हे.

आधी शब्दापाशी थांबू. ‘ऑटोस’ म्हणजे ग्रीक भाषेत ‘स्वतः’. त्यावरून ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९११ च्या सुमारास ‘ऑटिझम’ हा शब्द एका वेगळ्याच आजाराच्या संदर्भात वापरला. पुढे १९४३ साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेतील अकरा मुलांचे वर्णन करताना तोच शब्द उचलला आणि तो रूढ झाला. मराठीने त्याला ‘स्वमग्न’ हा सुटसुटीत प्रतिशब्द दिला. पण या शब्दात एक निवाडा दडलेला आहे. मूल स्वतःत बुडालेले आहे, जगाशी त्याला देणेघेणे नाही, असे तो सुचवतो. अशी मुले ज्यांच्या घरात आहेत त्यांना विचारा. मिक्सर सुरू झाला की मूल कान झाकून घेते, ते जग त्याच्यापर्यंत पोचत नाही म्हणून नव्हे, फार जोरात पोचते म्हणून. फिरता पंखा, फरशीवरची नक्षी, नळाची धार, एस.टी.च्या पाट्या यांकडे ते तासन्‌तास पाहते. इतक्या बारकाईने जगाकडे पाहणाऱ्याला स्वतःत मग्न म्हणावे का? चित्रकार किंवा कवी असा पाहत बसला की आपण त्याला तन्मय म्हणतो.

कॅनर यांच्या त्या पहिल्या निबंधातच कला डोकावते. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड. वयाच्या पहिल्या वर्षीच तो अनेक चाली बिनचूक गुणगुणत असे, अशी नोंद तिथे आहे. म्हणजे स्वमग्नतेच्या पहिल्या वैद्यकीय नोंदीतच एक सुरेल मूल आहे. मात्र ती नोंद लक्षण म्हणून झाली.

इथूनच आपल्या पाहण्याची एक सवय सुरू झाली. स्वमग्न माणसाने काही घडवले की आपल्याकडे दोनच शब्द तयार असतात: उपचार, नाहीतर चमत्कार. चित्र साधे असेल तर आपण म्हणतो, ‘छान, त्याला बरे वाटत असेल.’ थक्क करणारे असेल तर म्हणतो, ‘दैवी देणगी!’ दोन्ही वेळा चित्र पाहायचे राहूनच जाते.

चमत्काराचे उदाहरण म्हणून ज्याचे नाव जगभर घेतले जाते तो स्टीफन विल्टशायर. १९७४ साली लंडनमध्ये जन्मलेला, लहानपणी न बोलणारा मुलगा. त्याच्या तोंडून आलेल्या पहिल्या शब्दांत ‘कागद’ हा शब्द होता, असे सांगतात. १९८७ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमातून त्याची इमारतींची चित्रे देशाने पाहिली. २००५ साली हेलिकॉप्टरमधून टोकियोवर एक फेरी मारून त्याने त्या शहराचे दहा मीटर लांबीचे चित्र निव्वळ आठवणीतून काढले. बातमी इथे संपते. पण बातमीत न येणारी गोष्ट अशी, की शाळेतल्या शिक्षकांनी त्याची रेघ ओळखली, पुढे तो लंडनच्या कलाशाळेत रीतसर शिकला, आणि आज त्याचे स्वतःचे कलादालन आहे. स्मरणशक्ती त्याला जन्मतः मिळाली असेल. हात मात्र त्याने घडवला. कुठली रेघ दाट करायची, कुठली सोडून द्यायची, हे ठरवणे म्हणजे चित्रकला, आणि तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही.

बेळगावकरांना हे समजायला लंडनला जावे लागत नाही. इथून हाकेच्या अंतरावर असलेल्या सुळेभावीत १९२४ साली शिवपुत्र कोमकली जन्मला. सात-आठ वर्षांचे ते पोर मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवी आणि सभा थक्क होत. गैरसमज नको: कुमार गंधर्व स्वमग्न होते असे मी सुचवत नाही. तसे म्हणायला काडीचाही आधार नाही. मला आठवण द्यायची आहे ती श्रोत्यांची. नवल करणारे श्रोते त्यांना गावोगाव मिळाले, पण नवलावरच सगळे थांबले असते तर आपल्याला एक हुबेहूब नक्कल करणारा मुलगा तेवढा आठवला असता. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांनी त्या मुलाला शिष्य म्हणून घेतले, शिकवले, प्रश्न विचारू दिले. त्या नकलेतून पुढे कुणाचीही नक्कल नसलेले गाणे निघाले. नवल करणारे हजार होते. शिकवणारा एक भेटला. स्वमग्न मुलाच्या वाट्याला बहुधा फक्त ते हजार येतात.

नकलेवरून आणखी एक गोष्ट. अनेक स्वमग्न मुले ऐकलेले वाक्य तसेच्या तसे परत म्हणतात. जाहिरातीतली ओळ, आजीचे रागावणे, रेल्वेस्थानकावरची घोषणा. फार दिवस याला निरर्थक पोपटपंची समजत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बॅरी प्रिझंट आणि इतरांनी दाखवून दिले की या पुनरुक्तीला हेतू असतो. मूल त्या तयार वाक्यातून काही मागत असते, सांगत असते. ज्या घरांत संध्याकाळी परवचा म्हटला जाई, अर्थ कळण्याआधी रामरक्षा पाठ होई, त्या घरांना हे परके वाटू नये. शब्द आधी येतो, अर्थ मागून येऊन बसतो. कवितेचे तरी दुसरे काय आहे?

पण प्रत्येक स्वमग्न मूल विल्टशायर नसते. बहुसंख्यांकडे असे अचाट कौशल्य नसते, आणि ते असावे अशी अपेक्षा हाही एक जाचच आहे. ‘याला काहीतरी विशेष येत असेल ना?’ हा प्रश्न पाहुणे सहज विचारून जातात, आणि आईला उत्तर शोधावे लागते. देणगी कधी आटतेही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला १९६७ साली युक्रेनी आईबापांच्या पोटी जन्मलेली नादिया तीन-साडेतीन वर्षांची असताना धावत्या घोड्यांची अशी चित्रे काढू लागली की मोठ्या चित्रकारांची आठवण व्हावी. लॉर्ना सेल्फ यांनी १९७७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे नादिया थोडी बोलू लागली आणि ती चित्रकला हळूहळू मावळली. भाषा आली म्हणून कला गेली का, यावर तज्ज्ञांनी पुष्कळ वाद घातला. मला वेगळे वाटते. चित्रे थांबल्यावर नादियाचे मोल कमी झाले का? कमी झाले असे ज्याला वाटते, त्याने मुलीला पाहिलेच नव्हते, फक्त नवल पाहिले होते.

याच्या उलट उदाहरण जेसिका पार्कचे. जन्म १९५८, अमेरिका. तिची आई क्लारा पार्क साहित्याची प्राध्यापिका. १९६७ मध्ये त्यांनी लेकीवर ‘द सीज’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा मुलाच्या स्वमग्नतेला आईचा थंडपणा कारणीभूत आहे असे बडे तज्ज्ञ सांगत होते. त्या दोषारोपाला एका आईने नुसत्या निरीक्षणाने उत्तर दिले. जेसिका मोठी होऊन कॉलेजच्या टपालखात्यात नोकरी करू लागली आणि चित्रे काढू लागली: घरे, पूल, इमारती, प्रत्येक भाग वेगळ्या झगझगीत रंगात, वर बिनचूक मांडलेले तारे. ती चित्रे विकली जातात. नोकरीही केली, चित्रेही काढली. आपल्यातल्या कितीतरी लेखकांचे आयुष्य असेच गेले नाही का?

आता साहित्याकडे. नाटक-सिनेमातून आणि पुस्तकांतून अशी मुले आपल्याला भेटली आहेत. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ने मतिमंद मुलाच्या घरातली घालमेल रंगमंचावर आणली, ‘चौकट राजा’ १९९१ मध्ये आला, अच्युत गोडबोले यांनी ‘मुसाफिर’मध्ये आपल्या स्वमग्न मुलाविषयी मोकळेपणाने लिहिले. या कृतींचे ऋण मोठे आहे. पण त्यांत बोलतात ती भोवतालची माणसे. ते मूल विषय असते, लेखक नसते.

लेखक असू शकते, हे आपल्याच राज्यात दिसले. १९८९ साली जन्मलेला तीतो मुखोपाध्याय म्हैसूर-बंगळूरमध्ये वाढला. घर बंगाली, भोवताल कन्नड, लेखन इंग्रजी. बोलणे जवळजवळ नाही. आठ ते अकरा वर्षांच्या वयात त्याने लिहिलेले गद्य आणि कविता २००० साली ‘बियाँड द सायलेन्स’ या नावाने इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाल्या. इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळू नये. त्याच्या आईने, सोमा मुखोपाध्याय यांनी, पुढे आपली शिकवण्याची पद्धत इतर मुलांसाठी अमेरिकेत वापरली. तिथल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ती पद्धत वापरू नये असा सल्ला दिला, कारण पाटी हातात धरणारा मोठा माणूस आणि अक्षरावर बोट ठेवणारे मूल यांतले शब्द नेमके कोणाचे, हे सांगता येत नाही. तीतो स्वतःच्या हाताने लिहितो, हे पाहणाऱ्यांनी नोंदवले आहे. तरी प्रश्न रास्त आहे. कर्तृत्वाची अशी विचारपूस हा स्वमग्न माणसाचा अपमान नव्हे. त्याच्या नावावर दुसऱ्याचे शब्द खपवणे हा अपमान. आपणही प्रदर्शनातल्या चित्रावर शिक्षकाचा हात किती फिरला आहे, हे विचारायला शिकले पाहिजे.

घर एका भाषेचे आणि भोवताल दुसऱ्या, हे बेळगाव-निपाणीकडे घरोघरचे चित्र आहे. आजीची मराठी, गल्लीतली कन्नड, शाळेची इंग्रजी. अशा घरातल्या स्वमग्न मुलाच्या पालकांना अनेकदा सल्ला मिळतो: एकच भाषा ठेवा, आणि ती शाळेची ठेवा. हा सल्ला सद्‌हेतूने दिला जातो. पण गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांत, दोन भाषा कानी पडल्याने स्वमग्न मुलाच्या भाषेचे नुकसान होते, असे आढळलेले नाही. मग घरची भाषा काढून घेतली तर काय उरते? अंगाईगीत, ओव्या, आरत्या, मामाच्या गावाच्या गोष्टी, घरातल्यांची आपसातली थट्टा. ज्याला बोलणे आधीच कठीण, त्याला घरातल्या बोलण्यातूनच बाहेर ठेवायचे! भाषेसाठी आपण इतकी वर्षे झगडलो. ती भाषा घरातल्या सर्वांत अबोल मुलालाही मिळाली पाहिजे.

मग रसिकाने काय करावे? आपल्याच गावचा धडा आहे. इंदिरा संत इथे राहिल्या, इथेच त्यांनी लिहिले. १९४६ मध्ये प्रा. ना. मा. संत गेले, ते दुःख त्यांच्या कवितेत आहे हे आपल्याला ठाऊक असते. तरी आपण ती कविता वैधव्याचा दाखला म्हणून वाचत नाही, कविता म्हणून वाचतो. के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार घडले ते ‘वा वा’ ऐकून नव्हे. रेघ चुकली की चुकली, असे सांगणारा गुरू मिळाला म्हणून. तीच वागणूक स्वमग्न कलावंताला मिळावी. त्याची अवस्था माहीत असू द्या, पण नजर चित्रावर असू द्या. आवडले तर काय आवडले ते सांगा. नाही आवडले तर तेही सांगा, सौम्यपणे, पण खरे.

यात मेहेरबानी नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तो घेतला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत तो आहे. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात दिव्यांग कलावंत आणि लेखकांना सोयी, साहाय्य आणि प्रायोजकत्व मिळावे असे म्हटले आहे. कायदा शासनाला बांधतो. आपल्याला आपली रसिकता बांधते.

आपल्यासारख्या संस्थांना करता येण्याजोग्या गोष्टी लहान आहेत. वार्षिक अंकासाठी आणि स्पर्धांसाठी साहित्य मागवताना या मंडळींकडूनही मागवावे, त्यांच्यासाठी वेगळा कोपरा न करता. चित्राखाली चित्रकाराचे नाव असावे. अवस्थेचा उल्लेख त्याची इच्छा असेल तरच. चित्र विकले गेले तर पैसे त्याच्या खात्यावर जावेत. आणि सभागृहात ध्वनिक्षेपकाचा आवाज थोडा कमी ठेवावा, मागच्या दाराशी दोन खुर्च्या मोकळ्या ठेवाव्यात, मधेच कोणी उठून येरझाऱ्या घालू लागला तर माना वळवू नयेत.

प्रत्येक पालकाच्या मनात एकच प्रश्न असतो: आमच्यामागे याचे काय? कॅनर यांचा तो डोनाल्ड मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या आपल्या लहानशा गावात राहिला, बँकेत नोकरी केली, जगभर हिंडला, आणि २०२३ साली कर्करोगाने गेला. घरचे सुस्थितीतले होते, हे खरे. पण गावाने त्याला आपला मानला होता, हेही तितकेच खरे. बेळगाव-निपाणीत पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी घरे आहेत. कोणाचा मुलगा कोणता, हे आपल्याला आडनावावरून कळते. ही ओळख नुसती चौकशीपुरती न राहता त्या मुलाच्या चित्रापर्यंत, सुरापर्यंत, ओळीपर्यंत पोचली, तर आईबापांच्या त्या प्रश्नाचे थोडे तरी उत्तर आपण दिलेले असेल.