ठेच आणि शहाणपण



मोठा दहशतवादी हल्ला होऊन गेल्यावर देश अधिक सुरक्षित होतो काय, हा आजचा प्रश्न आहे. ठेच लागली की मनुष्य शहाणा होतो, तसेच राष्ट्राचेही, असे पुष्कळांचे म्हणणे असते. आम्हांस हे सत्य अर्धेच वाटते. मुंबईचाच अनुभव पाहू.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत लागोपाठ स्फोट होऊन २५७ माणसे प्राणांस मुकली. त्यांतील स्फोटके समुद्रमार्गे रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. पैसे घेऊन डोळेझाक करणारे सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काहीजण पुढे न्यायालयात दोषी ठरले. म्हणजे ठेच कोठे लागली, हे उघड होते. तरीही पंधरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ रोजी, कराचीहून निघालेले दहाजण त्याच समुद्रातून आले. तेही वाटेत बळकावलेल्या आपल्याच मच्छीमार नौकेचा आधार घेऊन. १६६ माणसे बळी पडली. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो हरयाणातील मानेसरहून येऊन कामास लागेतो उजाडले.

त्यानंतर काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिसेंबर २००८ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला. २००९ मध्ये कमांडोंचे केंद्र मुंबईतच आले. राज्याने ‘फोर्स वन’ पथक उभारले. किनाऱ्यावर पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. तशी सागरी स्वारी मुंबईवर पुन्हा झालेली नाही, हेही खरे.

परंतु १३ जुलै २०११ रोजी झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस व दादर येथे पुन्हा स्फोट झालेच. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस ‘पवित’ नावाचे, खलाशांनी सोडून दिलेले, सुमारे हजार टनांचे जहाज वाहत वाहत जुहूच्या वाळूत येऊन रुतले. नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस, असा तिहेरी पहारा असता एवढे धूड कोणाच्या नजरेस पडू नये! जहाज रिकामे होते, हे आपले दैव, बंदोबस्त नव्हे.

स्मशानात प्रत्येकास वैराग्य येते आणि घरी येऊन आंघोळ केली की ते ओसरते. हल्ल्यानंतरच्या सावधपणाचे असेच आहे. नौका विकत घेता येते. ती रोज समुद्रात नेण्याची शिस्त विकत मिळत नाही. घाव डोळे उघडतो, ते उघडे ठेवण्याचे काम मात्र आपले आहे.

दहांपैकी एकच जिवंत हाती लागला, तो गिरगाव चौपाटीवरील साध्या नाकाबंदीत. हाती केवळ लाठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलीत त्याची बंदूक धरून ठेवली, आणि प्राण दिला. त्या रात्री नाक्यावरची माणसे आपले नेमून दिलेले काम करीत जागी होती. देश सुरक्षित होतो तो अशा जागेपणाने. आणि तो हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी नव्हे, दहाव्या वर्षी टिकला आहे की नाही, हे विचारीत राहणे तुम्हां-आम्हां नागरिकांचे कर्तव्य आहे.