पंचनाम्याबाहेरचे नुकसान

हिंगोली जिल्ह्याला पाऊस दोन्हीकडून छळतो. २०१५ मध्ये त्याने ओढ दिली आणि विहिरींनी तळ गाठला. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला कयाधू पात्र सोडून शिवारात शिरली, आणि पुढच्याच पावसाळ्यात सोयाबीन पुन्हा पाण्यात उभे राहिले. शेत एकच असते, पण त्याचे नुकसान बाईच्या आणि पुरुषाच्या वाट्याला सारखे येत नाही. औंढा नागनाथ आणि नरसी नामदेवच्या या भूमीत भरलेल्या परिषदेचा विषय तोच आहे.

पाळी, पेरणी, फवारणी आणि मोटार ही गड्याची कामे, तर निंदणी-खुरपणी आणि कापूस वेचणी बाईची. सोयाबीनची कापणी बहुधा जोडप्यांनी, गुत्त्यावर होते. झड लागून वाफसा मिळाला नाही की खुरपणी थांबते आणि तण माजते. उघडीप मिळताच शेतकरी बायांची वाट न पाहता तणनाशक मारतो. फवारणीचा रोज पुरुषाला मिळतो आणि निंदणीचा हंगाम बाईच्या हातून जातो. अर्थात पंपाबरोबर विषही पुरुषाच्याच पाठीवर चढते. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली, ती मुख्यतः पुरुष होती. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणे, साप-विंचू आणि मोटारीचा शॉक हाही त्यांच्याच वाट्याचा धोका.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची काढणी, शिजवणी व वाळवणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल चालते, आणि हल्ली अवकाळी नेमका याच काळात येतो. हळद शिजवण्याच्या कुकरवर बहुधा पुरुष असतात. वेचणी आणि गड्डे-शेंगा वेगळे करण्याच्या कामाला बाया. वाळत घातलेली हळद भिजली की रंग उतरतो, भाव पडतो. हा तोटा मालकाचा म्हणून मोजला जातो. ताडपत्री ओढणे, ओली हळद पुन्हा पसरणे, उलथणे हे काम घरच्या बाईने केले तर त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

उन्हाचेही तसेच. पारा चाळिशीपार असताना आडोसा नसलेल्या रानात लघवीला जाणे टळावे म्हणून बाया पाणीच कमी पितात, आणि मूत्रमार्गाचा त्रास मागे लागतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, उष्णतेच्या ताणाने ग्रामीण भागातील स्त्रीप्रमुख कुटुंबांचे उत्पन्न पुरुषप्रमुख कुटुंबांपेक्षा ८ टक्क्यांनी जास्त घटते. पुराने ३ टक्क्यांनी.

अवर्षणात पाण्याची खेप वाढते. ती बाईचीच. हाताला काम उरले नाही की ऊसतोडीची उचल घेतली जाते. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि आजारपणाची सुट्टी म्हणजे खाडा. खाडा टळावा म्हणून गर्भाशय काढले जात असल्याची ओरड झाली, आणि बीडमधील ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली.

खरा फरक मात्र कागदावर पडतो. पंचनामा पिकाचा होतो, बुडालेल्या रोजाचा होत नाही. मदत ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या खात्यात जमा होते. पीकविम्यात स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे. घरातला स्मार्टफोन पुरुषाच्या खिशात आणि तो परगावी, तर मुदत तशीच टळे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत हक्क दिला, तरी बहिणीने हक्कसोड लिहून देण्याची रीत अजून चालते. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून पत्नीच्या नावे जमीन करायला शेतकऱ्यांना उद्युक्त केले होते. ते लोण सगळीकडे पोहोचले नाही.

कर्जाचा बोजा, सावकाराचा तगादा आणि कर्तेपणाचा दबाव पुरुषावर असतो. शेती क्षेत्रातील आत्महत्यांमध्ये पुरुषांचे प्रमाण म्हणूनच फार मोठे आहे. त्यानंतरचे सारे विधवेवर येते: वारसाची नोंद, दिराशी वाटणी, थकलेले हप्ते. राज्य शासन पात्र प्रकरणात एक लाख रुपयांची मदत देते. पात्रता ठरते जमीन आणि कर्जाच्या कागदांवर, आणि ते कागद कुठे ठेवलेत हे अनेकदा तिला माहीतही नसते.

बुडालेल्या रोजाची दखल घेणारी एक व्यवस्था महाराष्ट्रानेच घडवली. १९७२ च्या दुष्काळातील कामांमधून रोजगार हमी पुढे आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. स्त्री-पुरुषांना एकच दर असल्याने बाया मोठ्या संख्येने त्या कामांवर गेल्या. ही हमी दुष्काळ डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. अतिवृष्टीत मातीकाम बंद पडते, आणि शेतातला रोज जातो त्याच आठवड्यांत हजेरीपटही कोरा राहतो.