डायलिसिसवरील रुग्णाचे हृदय

अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे १९६० साली डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रुग्णाच्या हातात कायमची नळी बसविली आणि मूत्रपिंडे निकामी झालेला माणूसही डायलिसिसच्या यंत्रावर वर्षानुवर्षे जगू शकतो, हे दाखवून दिले. त्यांचा पहिला दीर्घकालीन रुग्ण सुमारे ११ वर्षे जगला. त्याचा अंत झाला तो मात्र हृदयविकाराने.

हे असे का घडते? निरोगी मूत्रपिंडे अहोरात्र काम करतात. यंत्र आठवड्यातून बहुधा तीन वेळा, सुमारे चार तास. मधल्या काळात प्यालेले पाणी अंगातच साठते व रक्तदाब चढतो. त्यातच मूत्रपिंडात तयार होणारा रक्तवर्धक स्राव घटल्याने पंडुरोग जडलेला असतो. हा सारा भार पेलता पेलता हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होते. तालमीत कमावलेल्या दंडासारखे हे बळ नव्हे. ती भिंत ताठर असते व नीट सैलावत नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील पाहणीत डायलिसिस सुरू होतानाच चारांपैकी सुमारे तीन रुग्णांत हा दोष आढळला. पुढे फॉस्फेट वाढून रक्तवाहिन्यांत व हृदयाच्या झडपांत चुना साचतो. पोटॅशियम वाढले, तर हृदयाचा ताल बिघडून ते अकस्मात बंदही पडू शकते.

म्हणून दोन डायलिसिसमधील अंतर महत्त्वाचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार असा क्रम असला, की शुक्रवारनंतरची खंड सर्वांत मोठी. या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू अधिक होतात, असे अमेरिकेतील २०११ सालच्या अभ्यासात दिसले. मग पावसात एस.टी. चुकली किंवा मजुरी बुडते म्हणून एक वार टाळला, तर काय होईल, हे सांगावयास नको. २०१६ साली जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत सोय केली. पण गावापासून तेथवरचा रस्ता रुग्णालाच काटावा लागतो. ग्रामपंचायतीने लक्ष घालावे ते नेमके येथे.

घरच्यांकडूनही अजाणता घोटाळा होतो. आजाऱ्याला भेटावयास जाताना शहाळे नेण्याची आपल्याकडे रीत आहे. या रुग्णाला ते घातक ठरू शकते, कारण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. बाजारातील कमी सोडियमच्या काही मिठांतही तेच असते. पाणी कमी पी, असे बजावणे सोपे. परंतु ताटात लोणचे-पापड असताना तहान आवरणार कशी?

रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करून ते लिहून ठेवावे. एका दिवसात वजन किलोभर वाढले, तर ते बहुधा पाणीच असते. रात्री आडवे होताच दम लागू लागला, किंवा हातपाय एकाएकी लुळावले, तर पुढच्या वाराची वाट न पाहता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.