नाव कापू नये, नोंद थांबवावी



जन्म-मृत्यूची नोंद असो, शाळेचे रजिस्टर असो की ग्रामपंचायतीचा उतारा असो, नोंदीचे मोल तिच्यातील नावावर ठरते. कागदी नोंदवहीत रकाना अपुरा पडला, तर लिहिणारा अक्षर बारीक करी किंवा समासाचा आधार घेई. संगणकाच्या डेटाबेसला समास नसतो. तेथे मजकुराच्या रकान्याची कमाल लांबी बहुधा आधीच ठरविलेली असते. मजकूर तीहून लांब आला तर काय करावे, हा प्रश्न तांत्रिक दिसला तरी त्याचा संबंध नागरिकाच्या हक्काशी आहे.

मुख्य मार्ग दोन आहेत. जादा मजकूर निमूटपणे कापावा, अथवा नोंद नाकारून कारण सांगावे. पहिला मार्ग सोयीचा भासतो, परंतु तो घातक आहे. चार चिन्हांच्या रकान्यात ‘रामचंद्र’ आणि ‘रामचरण’ हे दोघे भाऊ ‘रामच’ होऊन बसतात. पुढे वारसनोंदीच्या वेळी कोणता भाऊ कोण, हे त्या रकान्यावरून कळत नाही.

म्हणूनच एसक्यूएल या डेटाबेस-भाषेच्या मानकानुसार, शेवटच्या निव्वळ मोकळ्या जागा वगळता, अशी नोंद नाकारली जाते. पोस्टग्रेसचे वर्तन असेच आहे. मायएसक्यूएल पूर्वी केवळ इशारा देऊन मजकूर कापत असे. २०१५ मधील ५.७ आवृत्तीपासून नकार ही त्याची मूळ रीत झाली. एसक्यूएल सर्व्हर नकार देई, पण कोणत्या रकान्यामुळे, हे सांगत नसे. २०१९ च्या आवृत्तीपासून त्याचा संदेश रकान्याचे नावही देतो.

मराठीसाठी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचताना चार अक्षरांचा. युनिकोडमध्ये त्याची १० चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ पद्धतीत ३० बाइट लागतात. रोमन लिपीत त्यास ११ बाइट पुरतात. ओरॅकलमध्ये वेगळे न सांगितल्यास लांबी बाइटांत मोजली जाते. तेथे २० चा रकाना रोमन नावास पुरेल, देवनागरी नावास पुरणार नाही.

यावरून कार्यपद्धती स्पष्ट होते. रकान्याची लांबी प्रत्यक्ष नोंदींतील सर्वांत लांब नावे पाहून व चिन्हांत मोजून ठरवावी. नकाराच्या संदेशात रकाना व मर्यादा सांगावी. छपाईसाठी संक्षेप हवाच असेल, तर तो स्वतंत्र रकान्यात ठेवून मूळ नाव अबाधित राखावे. नोंद भरणाऱ्यानेही अडचण टाळण्यासाठी परस्पर नाव तोडू नये. रकाना वाढविण्याची मागणी वर कळवावी. थांबलेली नोंद दुसऱ्या दिवशी पूर्ण करता येते. कापलेले नाव मात्र मूळ कागद हाती नसेल तर पुन्हा जुळविता येत नाही.