ठासणीच्या बंदुकीचा नेम

चेन्नईला एग्मोरमध्ये, पँथिऑन रस्त्यावर, १८५१ साली स्थापन झालेलं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तिथल्या शस्त्रदालनात तंजावरच्या राजवाड्यातून आलेली हत्यारं मांडली आहेत. तंजावरला भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत होतं, त्यामुळे आपल्याकडचा पाहुणा तलवारी आणि कट्यारींपुढे जरा जास्तच रेंगाळतो. मला मात्र आज बोलायचंय ते ठासणीच्या बंदुकीबद्दल. अशा बंदुकीने हरणावर धरलेला नेम कितपत लागायचा?

या बंदुकीत सगळा माल तोंडाकडून भरतात. आधी दारू ओतायची, मग शिशाची गोळी सोडायची आणि गजाने ठासून ती दारूवर नीट बसवायची. गोळी सहज आत जावी म्हणून ती नळीपेक्षा बारीक ओतलेली असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांच्या हाती असलेल्या ब्राऊन बेस बंदुकीची नळी पाऊण इंचाची, तर गोळी साधारण ०.६९ इंचाची. म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटरची फट. बार उडाला की या फटीतून धूर निसटतो, गोळी नळीच्या भिंतींवर आपटत पुढे येते आणि शेवटचा टोला ज्या बाजूला बसेल त्यावर तिची दिशा ठरते. शिवाय तिला वेडीवाकडी गिरकी मिळते.

या गिरकीचा छडा लावला बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. त्याने एका नळीचं टोक डावीकडे वाकवलं आणि बार काढला. गोळी सुरुवातीला डावीकडे गेली खरी, पण पुढे हवेतच उजवीकडे वळली. नळीच्या उजव्या भिंतीवर घासत आल्यामुळे तिला मिळालेली गिरकी तिला तिकडे ओढत होती. तोफशास्त्रावरचा त्याचा ग्रंथ १७४२ सालचा. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला किल्ले बांधण्यासाठी इकडे पाठवलं. मद्रासच्या तटबंदीचे आराखडे त्याच्याकडेच होते. १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात तो वारला.

मग नेम किती अंतरापर्यंत खरा? जॉर्ज हँगर नावाच्या इंग्रज कर्नलने १८१४ साली लिहून ठेवलंय की साध्या नळीची बंदूक ऐंशी यार्डांवरच्या माणसाला लागेल, कदाचित शंभरावरच्याही. दीडशे यार्डांवर मात्र ज्याला लागेल तो फारच कमनशिबी म्हणायचा. हरणाच्या बाबतीत तर माणसाएवढं निशाण पुरत नाही. काळीज आणि फुप्फुसं मिळून वीतभर जागा. तिथे गोळी बसली नाही तर जनावर जखमी होऊन निघून जातं आणि कुठेतरी झुडपात तडफडत मरतं.

यावर उपाय म्हणजे पीळ पाडलेली नळी. तेल लावलेल्या चिंधीत गोळी गुंडाळून ठासली की फट बुजते, चिंधी पिळात रुतते आणि गोळी एकाच आसाभोवती फिरत सरळ जाते. भरायला वेळ लागतो, म्हणून सैन्याने तिला बरीच वर्षं दूर ठेवलं. शिकाऱ्याला तेवढी घाई नसते. पुढे १८४९ मध्ये फ्रान्सच्या मिनिएने बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी काढली. ती सैलपणे आत जाते आणि बार उडताच फुगून पिळात घट्ट बसते. मग वेग आणि नेम दोन्ही साधले.

पण नळी कितीही चांगली असली तरी हात शिस्तीचा हवा. दारूचं माप दर वेळी तेच. गज दर वेळी तेवढ्याच जोराने. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटण्याचा धोका. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून घट्ट काजळीच्या रूपात उरतो आणि समुद्राकाठच्या दमट हवेत ती काजळी ओल धरते. नळी पुसली नाही तर चार बारांनंतर नेम भरकटलाच समजा. त्यात चाप ओढल्यावर पेटता तोडा किंवा गारेची ठिणगी रंजक, म्हणजे नळीबाहेरची चिमूटभर दारू, पेटवते आणि रंजकाची आग कानातून, म्हणजे नळीच्या बारीक भोकातून, आतल्या दारूपर्यंत जाते. तेवढा क्षण हात आणि श्वास दोन्ही स्थिर हवेत. आघाताने पेटणारी तांब्याची टोपी आली तेव्हा हा विलंब बराच घटला.

म्हणूनच जुन्या शिकाऱ्याचं खरं कसब जवळ जाण्यात होतं. काळविटं बैलगाडीला सरावलेली असत, तेव्हा गाडीच्या आडोशाने अंतर तोडायचं. हे कसब अजून इतिहासजमा झालेलं नाही: अमेरिकेत आजही अनेक राज्यांत हरणांच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार गुन्हा ठरली आहे. ठासणीची बंदूक उरली ती परवान्याने पिकाच्या राखणीला. पण तिने शिकवलेला धडा कुठल्याही नेमबाजाला लागू आहे: आपला नेम कुठवर खरा आहे ते आधी तपासावं, आणि त्यापलीकडे चापाला बोट लावू नये.