बुंध्याशी पडलेला भुसा

कोकणात पावसाळ्याच्या सुरुवातीला कधी कधी दिव्याकडे दोन इंच लांबीचा राखाडी भुंगेरा येतो. अंगापेक्षा लांब मिशा, मानेमागे दोन नारिंगी-तांबडे ठिपके. हाच आंब्यावरचा भिरूड. शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. खरे नुकसान करते ती अळी. ती कित्येक महिने खोड आतून पोखरत राहते. वरून झाड हिरवेगार दिसते. मग एकेक फांदी वाळू लागते. त्याआधीची खूण म्हणजे बुंध्याशी पडलेला भुसा. तो दिसताच छिद्रात तारेचा आकडा घालून अळी काढावी आणि छिद्र चिखलाने लिंपावे. आजोबांनी लावलेले कलम या मूठभर भुशाकडे दुर्लक्ष झाल्यानेही जाते. बागेत फिरताना मोहोराबरोबर बुंध्याकडेही नजर असू द्या.